वन्संना की वन्संपासून?

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (हे वाकणं मनातल्या मनात समजून घे. प्रत्यक्षात मी खुर्चीत ताठ बसलो आहे, कमरेला गरम पाण्याची पिशवी आहे, आणि दोन्ही हातांना पुरळ उठल्यामुळे अक्षर कोंबडीने शाईत पाय बुडवून काढल्यासारखं आलं आहे. लहानपणी तू माझ्या अक्षराला हेच म्हणायचीस, तेव्हा वाचायला तुला जड जाऊ नये.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? ती दुखरी दाढ काढलीस, की अजून तिला जिवापाड सांभाळते आहेस? भावोजींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो. आमच्याकडे म्हणजे आता मी, दोन ससे आणि एक बकरी. त्यातले ससे ठीक आहेत.

त्या दिवशी तू आलीस, दारातच उभी राहिलीस आणि अंधार पडायच्या आत परत गेलीस. तक्रार करत नाही. घरात माणसं फार होती आणि खुर्च्या कमी. शिवाय जिच्याशी तू इतकी वर्षं बोलत नव्हतीस, ती गेल्यावर तिच्याच घरात बसून बोलायचं तरी काय, हेही मला कळतं. पण तू मागच्या बागेत डोकावलीही नाहीस, आणि मला आज जे विचारायचं आहे ते नेमकं बागेतलं आहे. गोष्ट बकरीच्या जिवाची आहे. तरी मी ती सुरुवातीपासूनच सांगणार, कारण एकदम मधूनच विचारलं तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं तू भावोजींना सांगशील आणि ते खोकत खोकत हो म्हणतील.

तुला ठाऊकच आहे, मी आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. यंत्राचं एक बरं असतं. ते बिघडलं की आवाज करतं, उघडलं की दोष दिसतो, आणि तोवर ते एका जागी गप उभं राहतं. झाडांचं मला कधी जमलं नाही. माझ्या लेखी झाडं दोन प्रकारची: ज्यांना आपण पाणी घालतो ती, आणि जी आपल्याला न विचारता वाढतात ती. म्हणून घराची वाटणी आपोआप झाली होती. पुढची खोली माझी, म्हणजे दुकान: तेलाची बुधली, सुया, पट्टे, दुरुस्तीला आलेली यंत्रं आणि दुरुस्त होऊनही लोक न्यायला विसरलेली यंत्रं. मागचा भाग तुझ्या भावजयीचा, म्हणजे बाग, ससे आणि मास्तरीण. मास्तरीण म्हणजे ती बकरी. तू तिला ओळखत नाहीस, तुझं येणं बंद झालं त्यानंतर ती आली. काळी आहे, हनुवटीखाली पांढरी दाढी आहे, आणि आपण काही बोललो की मान तिरकी करून अशी बघते की आपलं व्याकरण चुकलं की काय असं वाटतं. ती हिच्या मागून बागभर फिरायची. ही बोलायची, ती चघळायची. संध्याकाळी ही मला दिवसभराच्या गोष्टी सांगायला बसायची तेव्हा त्या मास्तरणीला आधीच सांगून झालेल्या असायच्या, आणि माझ्या वाट्याला संक्षिप्त आवृत्ती यायची.

आता हिची एक खोड सांगतो, कारण सगळ्या घोळाचं मूळ त्यातच आहे. बागेत न विचारता उगवलेल्या एकाही झाडाला ही त्याच्या नावाने हाक मारत नसे. सगळ्यांना तिने सासरची नावं दिली होती. (माहेरचं एकही नाव कसं नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, माहेरचं माणूस न बोलावता येत नाही.) रंगीबेरंगी बारीक फुलांचे झुपके, लांबून देखणं, जवळ गेलं की काटे आणि उग्र वास, त्या मामेसासूबाई. पांढरी भोंग्यासारखी फुलं, ताठ मान, आणि ज्यांच्या सहवासात माणसाची शुद्ध हरपते ते चुलतसासरे. हातभर पानं पसरून दहा जणांची जागा अडवणारे आतेसासरे. आणि कितीही हाकललं तरी मुलाबाळांसकट पुन्हा हजर होणारं ते बारीक पांढऱ्या फुलांचं, त्याचं नाव चुलतदिरांचं बिऱ्हाड. जनावरांना काय बाधतं ते हिला पाठ होतं, आणि जे बाधतं ते ही दिसताक्षणी उपटायची. हात धुता धुता मला अहवाल द्यायची की आज मामेसासूबाईंना मुळासकट काढलं, चुलतसासरे पाऊस पडल्यापासून फार माजलेत, उद्या बघते त्यांच्याकडे. एकदा दुकानात एक नवीन गिऱ्हाईक बसलेलं असताना हिने मागून ओरडून विचारलं, "अहो, मामेसासूबाईंना जाळू की पुरू?" ते गिऱ्हाईक यंत्र तिथेच टाकून गेलं ते आजतागायत आलेलं नाही.

ही अंथरुणाला खिळली तशी बाग मोकाट सुटली. तिचा पलंग मी मागच्या खिडकीशी लावून दिला होता. तिथून ती बघत राहायची आणि कोण कोण आलंय ते मला सांगायची. मी हो हो म्हणायचो. मला वाटायचं, ती बरी होऊन उठेल आणि आपलं सासर आपणच निस्तरेल. तसं झालं नाही. ती गेली आणि सगळं सासर मागे मुक्कामाला आलं, अगदी खिडकीच्या गजांपर्यंत. मी मागचं दार लोटून घेतलं. सशांना पिंजऱ्यात कोबीची पानं टाकत होतो, आणि मास्तरणीला मोकळं सोडलं होतं की तिचं ती चरेल. बकरीला काय, सगळं चालतं, अशी माझी समजूत होती. (तुझीही असेल तर आत्ताच्या आत्ता मनातून काढून टाक.)

मग एका सकाळी ती दाराशी आली नाही. जाऊन बघतो तर भिंतीच्या सावलीत मान टाकून बसलेली. रवंथ बंद. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, कानांची टोकं आणि नाकाची कड भाजून सोलल्यासारखी. ताई, तुला म्हणून सांगतो, हिच्या वेळी घाबरलो नव्हतो तितका मी त्या सकाळी घाबरलो. हिच्या वेळी डॉक्टर होते, नर्स होत्या, शेजारीपाजारी होते, घाबरण्याचं काम वाटून घ्यायला माणसं होती. इथे मी एकटाच होतो. आणि हिच्या मागे राहिलेली, हिचा आवाज ओळखणारी दुसरी कुणी या घरात नाही. ससे कुणालाच ओळखत नाहीत.

जनावरांचे डॉक्टर आले. माणूस चांगला आहे, पण बकरीशी गोड बोलतो आणि मालकावर खेकसतो. त्यांनी तिच्या पापण्या वर करून बघितल्या, इंजेक्शन दिलं, पाण्यात कालवलेली कोळशाची भुकटी नळीने पाजली (तिच्या दाढीचा रंग गेला, आणि माझ्या सदऱ्याचाही) आणि सांगितलं की विषारी तण खाल्लंय, कावीळ झालीय, कातडीला ऊन अजिबात लागता कामा नये. वाचेल की नाही ते आठवड्याभरात कळेल. तेव्हापासून मास्तरीण दुकानात आहे, पायाने चालवायच्या दोन यंत्रांच्या मधे, पोत्यावर. डॉक्टरांनी मला नावं सांगितली: घाणेरी, धोतरा, गाजरगवत, एरंड. सगळं मुळासकट काढा, काढलेलं तिथेच टाकू नका कारण वाळलं तरी त्यातलं विष जात नाही, औषध फवारू नका कारण ससे आहेत, आणि शेवटचं झाड निघेपर्यंत हिला मागे सोडू नका. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डॉक्टर, यातल्या मामेसासूबाई कोणत्या? त्यांनी आपली पेटी मिटली. मग खुर्ची ओढून बसले आणि मी दिलेला चहा, जो आधी नको म्हणाले होते, तो घेतला. त्यानंतर ते माझ्यावर कधी खेकसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खुरपं आणि मोठा पाना घेऊन बागेत उतरलो. म्हटलं, सगळ्यात सोपं आधी करू. चार नावांत एक तरी नाव सरळ होतं: गाजरगवत. गाजराचं गवत म्हणजे त्याला गाजरं येणार, उघड आहे. कुंपणाच्या अलीकडच्या वाफ्यात झिरमिळ्या पानांची दाट ओळ होती. एक उपटून बघितलं, खाली गाजर. तिथेच शंका यायला हवी होती. मला वाटलं, बघा किती माजलंय, फळ धरेपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही. तिन्हीसांजेपर्यंत कंबर मोडून सगळा वाफा साफ केला आणि ढीग भिंतीशी नेऊन टाकला. तेव्हा वाफ्याच्या टोकाला मातीत खोचलेली एक काडी दिसली. काडीवर पुठ्ठ्याचा तुकडा, आणि पुठ्ठ्यावर हिने काढलेला ससा. (मांजरासारखा आलाय, पण कान लांब आहेत म्हणून ससा.) आजारी पडायच्या आधी हिने पेरलेलं ते शेवटचं. ताई, मी त्या काडीपाशी मातीतच बसलो. मग उठलो आणि सगळी गाजरं धुऊन सशांना दिली. ते अजून खाताहेत. त्यांच्याकडे सुगी आहे.

खरं गाजरगवत, म्हणजे ते चुलतदिरांचं बिऱ्हाड, शेजारीच उभं राहून ही सगळी मजा बघत होतं. ते मी नंतर दोन्ही हातांनी उपटलं, त्याचंच हे पुरळ. हातमोजे नव्हते का, असं डॉक्टरांनी विचारलं. होते, पण त्याबद्दल पुढे लिहितो. भिंतीपलीकडे शेजारचे निवृत्त कारकून राहतात, त्यांना सगळी गल्ली सल्लागार म्हणते. ते स्टुलावर चढून मार्गदर्शन करत होते. काटेरी फळांचा धोतरा बघून म्हणाले की हे जंगली वांगं आहे, ठेवा, औषधी असतं. मी म्हटलं, बकरीला? म्हणाले, बकरीचं माहीत नाही, मला पोटाला बरं वाटतं. (खाल्लंय का, असं मी घाबरून विचारलं. म्हणाले, नाही, नुसतं वाचलंय.) शेवटी मी झाडं ओळखायचा नादच सोडला. हिचा पलंग होता त्या खिडकीशी खुर्ची लावून बसलो आणि झाडांऐवजी माणसं ओळखायला लागलो. लांबून नटलेलं, जवळ गेल्यावर ओरबाडणारं कोण? त्या मामेसासूबाई. घाणेरी ती हीच. जागा अडवून पसरलंय कोण? आतेसासरे, म्हणजे एरंड. पांढराशुभ्र, ताठ, आणि वास घेतला की डोकं गरगरणारा तो धोतरा, आपले चुलतसासरे. एकही ओळख चुकली नाही. डॉक्टरांना पानं नेऊन दाखवली तर म्हणाले, बरोब्बर, कुणी शिकवलं? मी म्हणालो, बायकोने. तिने शिकवलंच होतं, मी विद्यार्थी उशिरा झालो.

मग एकेकाला नमस्कार करून काढत गेलो. मामेसासूबाई पान्यालाही दाद देईनात, तेव्हा पट्टा बांधून ओढल्या. त्या आल्या आणि मी मागच्या मागे पडलो, ही पाण्याची पिशवी त्याचीच. खोल खड्डा करून सगळं पुरलं. बाग इतकी लख्ख झाली की सल्लागारांना स्टुलावर चढून बघण्यासारखं काही उरलं नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. इतके दिवस एकेक झाड उपटताना हिचं त्या झाडाबद्दलचं बोलणं आठवायचं, मी एकटाच हसायचो, एकदा तर मोठ्याने उत्तरही दिलं. आता मागे नुसती माती आहे. घर खाली करून देताना सामान गेल्यावर भिंती दिसतात तसं ते दिसतं. हिच्या सासरचं कुणी राहिलं नाही. एक सोडून.

एक झाड राहिलं आहे, आणि ताई, ते म्हणजे तू.

दचकू नकोस. आठवतं ना, त्या उन्हाळ्यात हिची सगळी रोपं वाळून गेली होती आणि ही त्याच दुःखात होती. तू आलीस, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी हिच्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "लाव. हे तुझ्या हातूनसुद्धा मरायचं नाही." तू मायेने म्हणालीस की टोमणा मारलास ते मला त्या वेळीही कळलं नाही, मी दोरा ओवत होतो. पण ते 'सुद्धा' हिला लागलं. ही म्हणाली, "वन्सं, तुमच्या घरचं मरतंय कशाला?" ते तुला लागलं. चहा तसाच राहिला. आपल्या घरात मोठमोठ्या शब्दांचं कुणाला काही वाटलं नाही. वडील मला रोज गाढव म्हणायचे, मी जेवून झोपायचो. आणि या दोन अक्षरांच्या 'सुद्धा'पायी तुम्ही दोघी इतकी वर्षं बोलला नाहीत. तरी तू गेल्यावर हिने ती फांदी लावली. मागच्या कोपऱ्यात, नळाजवळ. ती तरारून आली. तिचं नाव पडलं वन्सं. पुढे मास्तरीण घरात आली तेव्हा हिने माझ्याकडून जाडी तार मागून नेली आणि वन्संभोवती कुंपण घातलं, माझ्या खांद्याएवढं उंच. त्याच्या खुंटीला हिचे हातमोजे टांगलेले आहेत. त्यांची बोटं अजून वाकलेली आहेत, आत हात असल्यासारखी. म्हणून ते मी घेतले नाहीत. पुरळ परवडलं.

आता मुद्द्याचं. शेवटच्या दिवसांत हिचा आवाज अगदी बसला होता. एका दुपारी मला जवळ बोलावलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं..." आणि नेमकी त्याच क्षणी खिडकीखालून मास्तरीण ओरडली. बकरी ओरडते म्हणजे किती ओरडते ते तुला माहीत नाही. ती थांबली तेव्हा मला शेवटचा शब्द ऐकू आला, "जपा." मधलं काय ते बकरीत गेलं. वन्संना जपा म्हणाली, की वन्संपासून जपा म्हणाली? मी पुन्हा विचारलं. तिने डोळे मिटले होते. नंतर ती काही बोललीच नाही. तेव्हापासून मी रोज ते वाक्य दोन्ही बाजूंनी म्हणून बघतो. कधी वाटतं, ती तुझ्याबद्दल बोलत होती, कधी वाटतं, झाडाबद्दल. मास्तरणीवर इतका राग होता की पहिले काही दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आता तिला हाताने पाणी पाजतो.

कुंपण नीट तपासलं. मी यंत्रवाला माणूस, म्हटलं तारेवरून काही कळेल. तारेची टोकं सगळी आत वळवलेली आहेत, बाहेर कुणाला लागू नयेत म्हणून. पण कुंपण आतल्याला जपायला आहे की बाहेरच्याला, हे त्यावरून कळत नाही. झाडाला फुलं नाहीत, कधी बघितलीही नाहीत. पानं लांब, अरुंद, जाड. सल्लागार म्हणतात बांबू. डॉक्टर दुकानातल्या दुकानात येऊन जातात. या झाडाचं पान तोडून दाखवायला माझा हात धजेना, म्हणून त्यांना नुसतं तोंडी विचारलं तर म्हणाले, शंका असेल ते उपटा, त्याशिवाय बकरी मागे जाणार नाही. आणि मास्तरीण बागेच्या दाराकडे तोंड करून बसून असते, समोर ठेवलेलं हुंगते आणि तोंड फिरवते. मी पाना घेऊन दोनदा गेलो. खोडाला लावलाही. पण ही 'वन्संना' म्हणाली असेल, तर हिने सांगितलेलं शेवटचं एवढंसं काम मी पान्याने पिळून टाकणार. आणि 'पासून' म्हणाली असेल, तर मी नुसता बघत बसलोय आणि हिची बकरी मरणार. म्हणून तुला लिहितो. ती फांदी कशाची होती? तुझ्याच अंगणातली होती ना? उलट टपाली कळव.

भावोजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका. आमच्यात अंगावर काढणारे पुढे निघून जातात.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट सापडेना म्हणून हे पत्र काही दिवस दुकानातच पडून राहिलं, आणि आता त्यातल्या प्रश्नाला अर्थ उरलेला नाही. काल नळावर गेलो तर कुंपणाच्या आत गुलाबी फूल. एवढं मलाही ओळखता येतं. कण्हेर. डॉक्टरांना हाताला धरून मागे नेलं. ते म्हणाले, पान, फूल, खोड, सगळं विष, मूठभर पानांत बकरी आडवी होईल, जनावरांच्या घरात हे कुणी लावलं? मी म्हणालो, फांदी बहिणीची, बकरी नंतर आली. मग त्यांनी वाकून खालच्या फांद्या बघितल्या. प्रत्येक टोकाला जुने छाटल्याचे डाग होते. म्हणाले, कुणीतरी वर्षानुवर्षं याच्या कळ्या खुडल्यात, पाकळी उडून बाहेर पडू नये म्हणून. आता खुडणारी नाही, म्हणून यंदा फुललं. ताई, हिला पहिल्यापासून माहीत होतं. आपल्या मामेसासूबाईंना हिने दयामाया दाखवली नाही. तुला मात्र विष आहेस हे माहीत असून ठेवून घेतलं, तार घातली, मोजे आणले आणि दरवर्षी एकेक कळी बसून खुडली. ती 'ना' म्हणाली की 'पासून', हे मी आता कुणाला विचारणार नाही. मला वाटतं, ती दोन्ही म्हणत होती. मला खूप रडू आलं. डॉक्टर तोंड फिरवून सशांकडे बघत उभे राहिले.

ता. क. दुसरा. या पत्राचा पहिला कागद आज सकाळी मास्तरणीने खाल्ला. कोपऱ्यापासून सावकाश, चावून चावून, आणि मग कितीतरी दिवसांनी बसून रवंथ केलं. मी दुकान बंद करून बघत बसलो. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. तेव्हा वरचा नमस्कार मी पुन्हा लिहिलेला आहे, मूळचा बकरीच्या पोटात गेला. तो जास्त चांगला होता. तुझी दाढही त्यात नव्हती.

ता. क. तिसरा. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: तू ये. डॉक्टर म्हणतात, एक तर कण्हेर उपटा, नाही तर कुणीतरी नेमाने कळ्या खुडा आणि गळलेली पानं वेचा. उपटणं माझ्याने होणार नाही आणि खुडणंही नाही, मी हात लावला की ते मोजे दिसतात. या खेपेला दारात उभी राहू नकोस. घरात आता खुर्च्या पुष्कळ आहेत. येताना हातात काही आणू नकोस, फांदी तर मुळीच नको. मोजेही आणू नकोस. हिचे आहेत, खुंटीवर. ते तूच काढ.